हयातीचा दौरा

महसूल खात्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याच्या अंगी दौऱ्याची सवय इतकी भिनलेली असते की, सेवानिवृत्तीच्या आदेशाने खुर्ची, शिपाई, शिक्का आणि सहीचा अधिकार ही सारी एका संध्याकाळी काढून घेतली, तरी ही एक सवय शासनाच्या स्वाधीन करावयाची राहूनच जाते. आणि मग निवृत्तीच्या पहिल्या दिवसांतील उत्साह ओसरल्यावर, वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचून झालेल्या एखाद्या दुपारी तो मनुष्य भिंतीवरील नकाशासमोर उभा राहतो आणि ‘यंदा एकदा सगळ्यांकडे जाऊन येऊ’ अशी घोषणा करतो. या ‘सगळ्यां’मध्ये कोणाकोणाचा समावेश होतो याचा खुलासा त्या वेळी कोणी मागत नाही, आणि पुढील सर्व गुंतागुंत त्यातूनच उद्भवते.

नोकरीतील दौऱ्याहून हा दौरा अनेक कलमांनी निराळा असतो. तेव्हा आपण तलाठ्याचे दप्तर तपासण्यास जात असू; आता तपासले जातो ते आपणच, आणि तेही वजन, केस, दात, मुलाचा पगार, सुनेचा स्वभाव व गुडघे या ठरलेल्या क्रमाने. तेव्हा प्रवासभत्त्याचे देयक सादर होई आणि निम्म्या रकमेवर हरकत निघून ते परत येई; आता देयकही आपलेच आणि हरकतही घरचीच. तेव्हा वर्दी दिल्यावाचून गेल्यास दप्तर सापडत नसे. आता वर्दी देऊन गेल्यास यजमान सापडत नाहीत, कारण आपण येणार हे कळताच भाजी, दूध आणि पाहुण्यांसाठी नवी चादर यांच्या शोधार्थ ते बाजारात गेलेले असतात, आणि दरम्यान शेजारी आपणास ओट्यावर बसवून त्यांच्याविषयी अशी माहिती पुरवतात की, जी खुद्द त्यांनी आपणास कधीच पुरवली नसती.

मार्ग ठरवण्याचे काम प्रथम मी केले आणि नंतर आमच्या कुटुंबाने ते रद्द केले. छत्रपती संभाजीनगरहून निघावे, पाचोड, शहागड, गेवराई करीत बीड गाठावे, कार्तिकी पौर्णिमेस कपिलधार येथे मुक्काम करावा आणि मांजरसुंब्यावरून पूर्वेस वळून नेकनूर, केज, अंबाजोगाई या वाटेने लातुरास समाप्ती करावी, असा माझा प्रस्ताव होता. आणि भूगोलाच्या दृष्टीने त्यात काही खोट नव्हती. परंतु सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नकाशात गावांमधील अंतरे दिलेली असतात, माणसांमधील दिलेली नसतात. लातूरच्या थोरल्या नणंदेस मागे ठेवून अंबाजोगाईच्या धाकट्या जावेकडे आधी उतरता येत नाही. ज्या घरी मागील लग्नातील आहेर परत केला गेला तेथे चहा घ्यावयाचा, परंतु जेवावयाचे नाही. जेथे मुलीसाठी स्थळ सुचवून ते फिसकटले तेथे जेवावयाचे, परंतु राहावयाचे नाही. आणि जेथे वाटणीचा दावा चालू आहे तेथे मात्र राहिलेच पाहिजे, अन्यथा ‘दाव्यामुळे आले नाहीत’ असा बोभाटा चारही तालुक्यांत होतो. या तत्त्वांबरहुकूम आखलेला सुधारित मार्ग कागदावर उतरवला, तेव्हा आम्ही मांजरसुंब्याच्या चौकातून निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या दिशांनी, परंतु सारख्याच चिंताग्रस्त मुद्रेने जाणार असल्याचे निष्पन्न झाले. शेवटी थोरल्या बहिणीची दूरध्वनीवरून पूर्वपरवानगी काढण्यात आली व मूळ प्रस्ताव, ‘खास बाब म्हणून’, मंजूर झाला.

वाहनाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण या मुलखात प्रवाशास आज जितके पर्याय आहेत तितके पूर्वी कधी नव्हते. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ मोटारगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक आरंभली. पलीकडे मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली, त्या दिवशी आमचा बीड जिल्हा अद्याप निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्यातून सुटण्यासाठी त्यास १७ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. थांबण्याची ही सवय पुढे फार उपयोगी पडली. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाच्या चर्चेवर कित्येक निवडणुका लढवल्या गेल्या, आणि बीडला अहिल्यानगरची गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे पुन्हा मुक्तिदिनाचाच मुहूर्त साधून. रेल्वे आल्यावाचून नगरला जाणार नाही असा निश्चय केलेले आमचे एक मामा मात्र तत्पूर्वीच अशा ठिकाणी निघून गेले की जेथे रेल्वेची आवश्यकता भासत नाही.

एस.टी.चा विचार तर फार गंभीरपणे झाला. पासष्टीनंतर अर्धे तिकीट आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यास मोफत प्रवास, ही शासनाची कृपा आहेच; शिवाय १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे, एकाच बाकावर बसलेल्या वृद्ध दांपत्यापैकी पुरुषास आपले वय आधारकार्डाने सिद्ध करावे लागते आणि बाईसाहेबांना ते न सांगताच सवलत मिळते. संसारातील एका जुन्या तंट्यावर याहून समाधानकारक तोडगा निघाल्याचे माझ्या वाचनात नाही. तथापि, बरोबर न्यावयाच्या पिशव्यांना कोणतीच सवलत लागू नसल्यामुळे अखेर पुतण्याची मोटार, आणि तीबरोबर खुद्द पुतण्या, असा बंदोबस्त करण्यात आला.

सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून संभाजीनगर ते बीड हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर मोटार इतक्या निर्वेधपणे कापते की, नातेसंबंधांच्या दृष्टीने हा रस्ता पूर्वीपेक्षा गैरसोयीचा झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शहागडच्या पुलावर गोदावरीस हात जोडून नाणे टाकावे म्हणून काच खाली करावी, तोवर पूल संपलेला असतो. पूर्वी रस्ता गावाच्या पोटातून जात असे. गाडी आठवड्याच्या बाजारात अडे, कोणीतरी ओळखीचा मनुष्य खिडकीपाशी येऊन हाक मारी, आणि ‘इथवर आलोच आहोत तर’ या सबबीवर आपण चुलतभावाच्या घरी जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊनच पुढे निघत असू. आता गेवराई असो वा बीड असो, गाव बाजूस ठेवून जाणारा बाह्यवळण रस्ता झाला आहे. त्यामुळे सहज डोकावण्याची सोयच उरली नाही. पाहुण्यास मुद्दाम वळून जावे लागते. आणि मुद्दाम आलेल्या मनुष्याकडे काहीतरी काम असलेच पाहिजे, मुलाचे लग्न, हातउसने किंवा सात-बारावरील सही यांपैकी काही, असा संशय यजमानाच्या मुद्रेवर चहा येईपर्यंत स्थिर राहतो.

चहा आल्यावर दुसरा अंक सुरू होतो. मधुमेह हा आता आजार राहिलेला नसून वयात आल्याचा पुरावा मानला जातो, त्यामुळे ‘साखर किती?’ या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते. बिनसाखरेचा म्हणावे तर यजमानीण दुखावते आणि साखरेचा म्हणावे तर आपले कुटुंब. सबब कमी साखरेचा चहा दोनदा घेणे हा मध्यममार्ग मी अंगीकारलेला आहे. समवयस्क यजमान भेटला की गोळ्यांचे डबे उघडले जातात, आणि ज्याच्या डब्यात रंग अधिक त्याचा आवाज आपोआप वर चढतो. ‘मला सकाळी तीन आहेत,’ असे त्याने म्हणावे, ‘मला चार, आणि एक अर्धी,’ असे आपण म्हणावे, आणि त्या अर्ध्या गोळीने त्याने निष्प्रभ व्हावे. त्यानंतर दोघेही पथ्याच्या महत्त्वावर एकमताने बोलत असतानाच आतून येसराची आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची वाटी येते, आणि पथ्याचा विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीस चुरमुऱ्यांची सुशीला असते. आपण जिच्या बैठकीत बसून तिने केलेली सुशीला खात असतो, तीच यजमानीण, ‘भावजी, तुम्ही आमच्याकडे येतच नाही,’ अशी तक्रार नोंदवते. आणि या तक्रारीवर लेखी खुलासा देण्याची पद्धत नसल्यामुळे मनुष्य निमूटपणे आणखी एक वाटी घेतो.

बीडमध्ये, पाण्याच्या कुंडात उभ्या असलेल्या कंकालेश्वराच्या देवळापासून जवळच, आमचे एक जुने पेशकार राहतात. त्यांनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली असून मोफत प्रवासाची योजना लागू झाल्यापासून ते घरी क्वचितच सापडतात. अंबाजोगाईस एका स्नेह्याकडे केवळ चहासाठी जाऊन संध्याकाळी परत येणे हा त्यांचा अलीकडील शिरस्ता आहे. १९५४ च्या खासरापत्रकातील नोंदी त्यांना अद्याप तोंडपाठ आहेत, आणि कोणाच्या आजोबाने कोणाचा बांध कोरला हे ते इतक्या निःपक्षपातीपणे सांगतात की, दोन्ही पक्षांनी त्यांच्याशी बोलणे सोडले आहे. आम्ही दोघे बसलो आणि, कचेरीतील जुने सहकारी भेटल्यावर जे अटळपणे घडते तेच घडले, म्हणजे हजेरीपट निघाला. तहसीलदारसाहेब? गेले. नाझर? तेही. दप्तरदार? मुलाकडे पुण्यास आहेत, परंतु कोणास ओळखत नाहीत. याप्रमाणे एकेका नावापुढे शेरा पडत पडत सर्व पट वाचून झाला, तेव्हा हजर म्हणून आम्ही दोघे आणि आमच्या वेळचा एक शिपाई एवढेच उरलो. कचेरीचा असा काही नियम आहे की, साहेबाच्या घरचा पत्ता सर्वांस ठाऊक असतो, सर्वांच्या घरचे पत्ते शिपायास ठाऊक असतात, परंतु शिपायाचा पत्ता कोणत्याच दप्तरी आढळत नाही. पेशकारांनी तरीही कोठून तरी माहिती काढली: गृहस्थ लिंगायत, दरसाल कार्तिकीस दिंडीबरोबर पायी कपिलधारला येतात, आणि यंदाही निघाले आहेत. तेव्हा पेशकारही आमच्याबरोबर मोटारीत बसले.

कपिलधार हे स्थान बीडच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या एका घळीत आहे. पावसाळ्यात तेथे कड्यावरून धबधबा कोसळतो तो पाहण्यास शहरांतील तरुण मंडळी गर्दी करतात. कार्तिकात धार बारीक होते आणि गर्दी भाविकांची असते. कपिल मुनींनी येथे तपश्चर्या केली अशी लोकांची श्रद्धा आहे, परंतु स्थानाचे खरे माहात्म्य आहे ते संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. सोळाव्या शतकातील या वीरशैव संताने ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचला, आणि मराठवाड्यातील लिंगायत घरांतून त्याची पारायणे आजही होतात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्याच्या सर्व बाजूंनी, तसेच शेजारच्या कर्नाटक व तेलंगणातूनही, दिंड्या येतात. आम्ही घाट चढून आलो तेव्हा रस्त्याच्या कडेस सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे विक्रेत्या बाईने भावात तिळमात्र तडजोड केली नाही, हे मला एक जुना महसुली मनुष्य या नात्याने मनापासून आवडले.

पाठीमागे उशी, पायाशी पाण्याची बाटली आणि मध्ये मध्ये पाय मोकळे करण्यासाठी थांबे, अशा इतमामाने मोटारीतून आलेले आम्ही दोघे निवृत्त अधिकारी खाली उतरताना ‘अरे देवा’ म्हणत होतो, आणि समोरून कपाळावर भस्म, खांद्यावर पताका, पायांत झिजलेल्या चपला अशी वृद्ध स्त्री-पुरुषांची दिंडीच्या दिंडी टाळांच्या गजरात चालत होती. आम्ही त्या गर्दीत आमचा शिपाई शोधत असता मागून आवाज आला, ‘शरणार्थ, साहेब. पाय ओढून चालता ते अजून गेलं न्हाई की!’ पाठमोऱ्या चालीवरून त्याने मला इतक्या वर्षांनी ओळखले होते. मी वळून पाहिले. आमच्यापैकी सर्वांत वयस्कर आणि सर्वांत ताठ तोच होता.

त्याच्या पडवीत, म्हणजे एका कडुनिंबाखाली, आम्हाला सतरंजीवर बसवण्यात आले, आणि तेथे बसल्या बसल्या जे पाहिले त्याने माझ्या सुधारित मार्गाची, पूर्वपरवानगीची आणि डिझेलच्या खर्चाची पार वासलात लावली. घटकाभरात नांदेडकडील दिंडीतून त्याची बहीण येऊन गेली. लातूरकडच्या दिंडीतून मुलगी व नातवंडे आली. बिदरकडचे व्याही आले, एका जुन्या उसनवारीची बाब निघाली व तडजोडीने निकालात निघाली. भाच्यासाठी एक मुलगी लांबूनच पाहिली गेली आणि तिच्या बापास त्याचा पत्ताही लागला नाही. कोणी कोणाकडे आधी गेले आणि कोणाकडे नुसता चहा घेतला, हा प्रश्नच उपस्थित झाला नाही, कारण सर्वजण स्वामींच्या दारी आलेले होते आणि सर्वांचे जेवण एकाच पंगतीत होते. जे काम उरकण्यासाठी आम्ही मोटार, पुतण्या आणि घरची शांतता खर्ची घातली होती, ते त्याने एका झाडाखाली बसून मध्यान्हापूर्वी संपवले. आप्तेष्टांना भेटण्याची ही पद्धत आपल्याकडे शेकडो वर्षे चालू असून आम्ही मात्र ती केवळ भक्तीचा भाग समजत होतो.

जेवणानंतर त्याने सुपारी कातरता कातरता विचारले, ‘साहेब, हयातीचा दाखला दिला का?’ निवृत्तिवेतनधारकांच्या पंचांगात नोव्हेंबर महिन्याचे हे महत्त्व आहे. कार्तिकी पौर्णिमा बहुधा ज्या महिन्यात येते, त्याच महिन्यात आम्हास बँकेत जाऊन यादीतील आपल्या नावापुढे सही करून आपण जिवंत असल्याचे शासनास कळवावे लागते. न कळवल्यास शासन उलट बाजूने अनुमान काढून वेतन रोखते. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ नावाची नवी सोयही झाली असून तीत बोट यंत्रावर टेकवले की जिवंतपणा विजेच्या वेगाने दाखल होतो. परंतु ज्या बोटांनी आयुष्यभर थुंकी लावून फायलींची पाने उलटली त्यांचे ठसे बरेचसे सरकारी कागदांनाच लागून गेलेले असल्यामुळे, यंत्राने मला एका ठिकाणी सपशेल नाकारले, आणि मी समोर उभा राहून बोलत असताना तेथील तरुणाने मला ‘उद्या पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगितले. उद्यापर्यंत जिवंत राहण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर होती.

त्या कडुनिंबाखाली मला या संपूर्ण दौऱ्याचा गोषवारा सापडला. ‘किती वाळलात’, ‘पाय ओढता ते अजून गेलं नाही’, ‘तुम्ही येतच नाही’, ही सारी वाक्ये वस्तुतः एकाच प्रकारच्या दाखल्यावरील शेरे आहेत. बँक वेतनासाठी आपली हयाती नोंदवते; ही माणसे काही मोबदला न देता नोंदवतात, आणि आपणही चहाच्या निमित्ताने त्यांची नोंद करून परत येतो. यंत्रावर जो ठसा उमटला नाही तो एका शिपायाने गर्दीत, पाठमोरा ओळखला, यावरून कोणते दप्तर अधिक अद्ययावत आहे हे उघड आहे.

आणि या जिल्ह्यात तर या कामाची निकड फार आहे. दसरा-दिवाळी आटोपली की बीडच्या डोंगरपट्ट्यातील धडधाकट मंडळी कोयता घेऊन, बायकापोरांसह, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. आम्ही ज्या रस्त्याने पिशव्या घेऊन आप्तांकडे चाललो होतो, त्याच रस्त्याने संसार लादलेले ट्रॅक्टर उलट दिशेने नुकतेच निघून गेले होते. मागे गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली शाळकरी नातवंडे राहतात. केजकडे जाताना एका खेड्यात पत्ता विचारण्यासाठी थांबलो, तर ओट्यावरील आजींनी पत्ता सांगण्यापूर्वी बसवले, पाणी दिले, आमचे गाव, जात, मुलेबाळे, गुडघे यांची साद्यंत चौकशी केली, आणि शेवटी तो पत्ता आपणास ठाऊक नसल्याचे सांगितले. पुतण्या घड्याळाकडे पाहत होता. परंतु त्या ओट्यावर कित्येक दिवसांत कोणी बसले नव्हते, हे त्या चौकशीच्या लांबीवरून समजण्यासारखे होते.

म्हणून माझ्या निवृत्त बंधुभगिनींस अशी विनंती आहे की, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा दाखला देऊन मोकळे व्हावे आणि उरलेला महिना या दुसऱ्या दाखल्यासाठी राखून ठेवावा. जाण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी फोन करावा, त्याहून आधी करू नये. दोन रात्रींपेक्षा अधिक राहू नये. यजमानाच्या ठरलेल्या खुर्चीवर बसू नये. औषधांच्या संख्येत त्यास एकदा तरी जिंकू द्यावे. आणि जुन्या कचेरीतील साहेबांकडे जाण्याआधी शिपायाकडे जावे, कारण बाकी सर्वांचे पत्ते त्याच्याकडेच मिळतात. बाह्यवळण रस्ता दिसला तरी गावात शिरावे. कार्तिकी पौर्णिमेस बीडकडे असाल तर मांजरसुंब्याजवळून आत वळावे. मोटार बरीच अलीकडे थांबवावी लागते, पुढे पायीच जावे लागते, आणि ते प्रकृतीस चांगलेच असते.